हिरव्या पेटीची कळ कोणी फिरवली, याबाबत

नाव: रेफुखियो साल्गादो वेरा. सगळे कुका म्हणतात.
वय: ५९ वर्षे.
धंदा: पाहुण्यांना संध्याकाळी दारूच्या जुन्या कान्तिना फिरवून दाखवणे. परवाना मेजावर ठेवला आहे, तो पाहून घ्यावा.
राहणार: दिव्यांच्या दुकानांची गल्ली, घर क्रमांक १४, दुसरा मजला, मेक्सिको शहर.

आज शुक्रवार, दि. १३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी आपण होऊन ठाण्यात आले. मला कोणी बोलावले नव्हते. लेखनिक बेर्नाल यांच्यासमोर बसून, त्यांनी विचारल्याप्रमाणे आणि काही ठिकाणी त्यांनी न विचारताही, मी खरे ते सांगते की,

काल संध्याकाळपासून इलारियो पेड्राझा, वय ६४, यांना या ठाण्याच्या कोठडीत ठेवले आहे. त्यांची हिरवी पेटी मुद्देमाल म्हणून जप्त केली आहे. केरेतारोहून आलेले नोटरीसाहेब गिल्दार्दो मोंतेमायोर यांना त्यांनी विजेचा झटका देऊन पाडले, अशी तक्रार आहे. ही तक्रार चुकीच्या माणसावर आहे. त्यांना सोडावे आणि पेटी परत द्यावी, एवढ्यासाठी मी आले आहे. लेखनिकांनी येथे 'सदर इसम' असे लिहिले होते. मी म्हटले, शहरातल्या सगळ्या कान्तिना त्यांना मास्तर म्हणतात, तुम्हीही तसेच लिहा. त्यांनी 'सदर इसम मास्तर' असे लिहिले आहे. चालेल.

मी एकोणीस वर्षे हा धंदा करते. सहा-सात पाहुणे, चार कान्तिना, संध्याकाळी पाच ते साडेआठ. प्रत्येक ठिकाणी एक पेला, आणि पेल्याबरोबर न मागता येणारा चखणा. पहिल्या पेल्याला सुक्या कोळंबीचे कढण येते, पुढच्या पेल्याला बशी मोठी होते, त्याच्या पुढच्याला आणखी मोठी. नुसत्या चौथ्या बशीसाठी प्यायला बसणारे सभ्य गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. लेखनिक म्हणाले की हे सगळे त्यांना ठाऊक आहे, मुद्द्यावर या.

कालच्या तुकडीत सात जण होते. नोटरीसाहेब आणि त्यांच्या पत्नी ओतिलियाबाई. पुएब्लाच्या दोन बहिणी, दोघी दाताच्या डॉक्टर. मेरिदाचे नुकतेच लग्न झालेले जोडपे, ज्यांनी चारही कान्तिनांत एकमेकांशिवाय काही पाहिले नाही. आणि एक उंच जर्मन तरुण, ज्याच्या कपाळाला प्रत्येक दाराची चौकट लागली. पाहुणे चांगले होते. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही.

नोटरीसाहेबांविषयीही नाही. पहिल्या कान्तिनात त्यांनी मला सांगितले की तिथला लाकडी बार मी म्हणते तेवढा जुना नाही. दुसरीत सांगितले की मेस्काल असा प्यायचा नसतो, आणि कसा प्यायचा असतो ते तीन पेल्यांत करून दाखवले. तिसरीत त्यांनी माझ्याऐवजी स्वतःच माहिती द्यायला सुरुवात केली. तेथे कोपऱ्यातल्या टेबलावर चार म्हातारे डोमिनो खेळतात. मी एकोणीस वर्षे तेथे बोलते आहे, त्यांनी कधी मान वर केलेली नाही. काल चौघांनी केली. मी तेवढ्यात खुर्ची ओढून बसले आणि चपला काढून तळपाय चोळले. धंद्यावर असताना मला पहिल्यांदाच बसायला मिळाले, त्याबद्दल मी नोटरीसाहेबांची आभारी आहे.

ओतिलियाबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, त्या बाईंना बोलू द्या ना. त्यांचं काम आहे ते."

"मी फक्त भर घालतोय, ओतिलिया."

"तीस वर्षं भर घालताय. आता मावत नाही."

सात वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही चौथ्या कान्तिनात पोहोचलो. तिचे नाव 'ओला कोंबडा'. मास्तर नेहमीप्रमाणे बारच्या डाव्या टोकाला उभे होते. गळ्यात पेटी, डोक्याला टोपी, समोर लाल अंबाडीचे सरबत. ते दारूला शिवत नाहीत. त्यांच्या धंद्यात हात स्थिर लागतो.

लेखनिकांनी विचारले, शहरात इतक्या कान्तिना असताना मास्तर रोज सात चाळीसला नेमके तेथेच कसे असतात? मी सांगितले, योगायोग. किती वर्षे? मी सांगितले, नऊ. मग डिसेंबरात मोर्च्यामुळे तुमची तुकडी दीड तास उशिरा पोहोचली त्या दिवशी? मी विचारले, हे तुम्हाला कोणी सांगितले? ते म्हणाले, चोनने. चोन हा तेथला जुना वाढपी आहे आणि त्याला जेवढे विचारावे तेवढेच सांगण्याची सवय नाही. त्या दिवशीही मास्तर तेथे होते. तिसरे सरबत चालू होते, असे चोनचे म्हणणे. दुसऱ्याचे पेले मोजण्याची मला सवय नाही.

माझे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. हे मला कोणी विचारले नव्हते. लिहिले गेले आहे तर राहू द्या.

आता पेटीविषयी. ती चपलांच्या खोक्याएवढी आहे, लाकडी, पट्ट्याने गळ्यात अडकवायची. आत बॅटरी, वर फिरवायची कळ, बाजूने दोन वायरी, आणि वायरींच्या टोकांना तांब्याच्या दोन नळ्या. मास्तरांनी ती स्वतःच्या हाताने तयार केली, त्याला चाळीस वर्षे झाली. लोक हात धरून कडे करतात, टोकाचे दोघे एकेक नळी धरतात आणि मास्तर कळ हळूहळू पुढे नेतात. सगळ्यांच्या हातांतून मुंग्या धावतात, मग मुंग्यांचे मुंगळे होतात. ज्याने आधी हात सोडला तो हरला, त्याने गाणे म्हणायचे. आमच्याकडे वाढदिवसाला हे करतात, बढती मिळाली तर करतात, नोकरी गेली तरी करतात. लेखनिक बेर्नाल यांनीही केलेले आहे. कोणत्या प्रसंगी, ते त्यांनी सांगितले नाही.

येथे एक गोष्ट नीट लिहून घ्यावी. कडे धरले की पहिल्या मुंगीलाच सगळे "बस, बस" म्हणून ओरडतात. ओरडायचेच असते, त्याशिवाय मजा नाही. म्हणून मास्तर 'बस' ऐकतच नाहीत. ते खांद्यांकडे पाहतात. खांदे कानांकडे चढायला लागले, की तोंडाने माणूस काहीही म्हणत असो, कळ मागे. कळीभोवती त्यांनी नेलपॉलिशने एक ते दहा खुणा काढल्या आहेत आणि सहाची खूण लाल आहे. "सहाच्या पुढे मी बिशपलासुद्धा नेणार नाही," असे ते म्हणतात. काल कळ नवावर गेली.

ती अशी. नोटरीसाहेबांनी सर्वांना सांगितले की विद्यार्थी असताना त्यांनी दहापर्यंत सहन केले होते.

"लग्नाआधी मला आठ सांगितलं होतं," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"तेव्हा मी विनयाने सांगितलं होतं."

"तो कधी होता तुमच्याकडे?"

डोळे मिटून घेणे ही सहन करण्याची खरी युक्ती आहे, असेही नोटरीसाहेब म्हणाले आणि कडे पुरते व्हायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले. एका टोकाला जर्मन तरुण, त्याच्या शेजारी नोटरीसाहेब, मग ओतिलियाबाई, मग दोघी बहिणी, आणि दुसऱ्या टोकाला मेरिदाचे जोडपे. जोडप्याचे हात आधीपासूनच धरलेले होते, त्यामुळे तेवढा वेळ वाचला.

चारवर पुएब्लाच्या बहिणी हसायला लागल्या. पाचवर जर्मन तरुण स्वतःच्या भाषेत आकडे मोजायला लागला. सहावर नोटरीसाहेब "बस" म्हणाले. सातवर पुन्हा म्हणाले. आठवर ते जे म्हणाले ते 'बस' नव्हते. मूल सगळ्यात आधी जो शब्द शिकते तो होता. तो येथे लिहू नये. नवावर जर्मन तरुणाच्या हातून नळी सुटली, कडे तुटले, आणि मागे रेटा देऊन उभे असलेले नोटरीसाहेब आधी खुर्चीवर आणि मग खुर्चीसकट फरशीवर गेले. त्यांचे डावे मनगट मुरगळले. टेबलावरची कढणाची वाटी त्यांच्या कोटावर सांडली.

लेखनिकांनी विचारले, हात सोडला की सगळे थांबते, तर मग नोटरीसाहेबांनी हात का सोडला नाही? उत्तर असे की त्यांचा डावा हात जर्मन तरुणाच्या हातात होता. त्याला मी नियम दोनदा समजावून सांगितला होता, त्यामुळे तो काही केल्या सोडीना. उजवा हात ओतिलियाबाईंच्या हातात होता. त्यांनीही तो नियमाप्रमाणेच धरला होता. नियमापेक्षा थोडा घट्ट, असे मला वाटले, पण ते माझे मत झाले. "मला तर काही झालं नाही," असे त्या नंतर म्हणाल्या, "मी तीन बाळंतपणं काढलीत." आणि नवऱ्याच्या कोटावरची कोळंबी उचलताना त्यांना हसू आले. ते त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, ते मी पाहिले. माझ्या समजुतीप्रमाणे नोटरीसाहेबांना मनगटापेक्षा ते हसू जास्त लागले. त्यांनी तेथूनच, फरशीवर बसूनच, पोलिसांना फोन केला.

पोलीस आठ वाजून पाच मिनिटांनी आले. चोनने त्यांना दारातच अडवले, कारण दारावर जुनी पाटी आहे: गणवेशातली मंडळी, लहान मुले आणि कुत्री यांना आत येण्यास मनाई. त्या पाटीवर सगळ्यात वरची ओळ बायकांची होती. मी चौदा वर्षांची असताना ती रंगाने बुजवली. ऊन तिरपे पडले की अजून वाचता येते, आणि पाहुण्यांना मी ती दाखवते. अशाच एका दाराबाहेर माझी आई वडिलांना हाका मारत उभी राहायची, ते मात्र मी पाहुण्यांना सांगत नाही. तर, आलेल्या दोघांपैकी एक पोलीस बाहेर थांबले. दुसऱ्यांनी अंगातला गणवेशाचा सदरा काढून चोनच्या हाती दिला आणि बनियनवर आत येऊन अटक केली. आत आलेल्याच्या पुढे वाटी ठेवायचीच, अशी पद्धत आहे, म्हणून चोनने त्यांच्यापुढेही कढणाची वाटी ठेवली. ते दुसरे पोलीस आत्ता हा जबाब टाइप करत आहेत. त्यांचे म्हणणे असे की वाटी एकच होती.

त्यांनी विचारले, "कळ कोणी फिरवली?"

मास्तर म्हणाले, "पेटी माझी, हात माझा."

मी तेथेच उभी होते, हातभर अंतरावर. मी काही बोलले नाही. मला त्याची लाज वाटते. माझा परवाना मे महिन्यात पुन्हा करून घ्यायचा आहे, नावावर एक जरी तक्रार असली तरी तो करून देत नाहीत, आणि या वयात मला दुसरे काही येत नाही. हे सगळे एकदम डोक्यात आले, आणि तोंड उघडेपर्यंत मास्तरांना घेऊन गेलेसुद्धा. जाताना ते म्हणाले, "कुकाबाई, पाहुण्यांचा शेवटचा पेला राहिलाय." मी पाहुण्यांना शेवटचा पेला दिला, त्यांना चौकापर्यंत पोहोचवले, सगळ्यांचा निरोप घेतला. मग घरी जाऊन ताटावर बसले आणि तशीच उठले.

आज येताना मी मास्तरांसाठी पिठाचा उकडलेला तामाल घातलेला पाव आणि मक्याची गरम पेज आणली. दारावर पाव तपासण्यात आला. तपासणीत तो बराच लहान झाला आहे. उरलेला त्यांना पोहोचला असे समजते.

तरी मी सांगते की कळ मी फिरवली. हात माझा, उजवा. त्या वेळी पेटी माझ्या गळ्यात होती. नोटरीसाहेब पडल्याबरोबर मास्तरांनी ती माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली, ते पोलीस येण्याच्या आधी. नोटरीसाहेबांचे डोळे मिटलेले होते म्हणून त्यांना हे माहीत नाही. परवाना मेजावर आहे. त्याचे जे करायचे ते करावे, पण मास्तरांना सोडावे.

येथे बेर्नाल टाइप करायचे थांबले. पुढचे बोलणे झाले ते असे.

"बाई, चाळीस वर्षांत त्याने ती पेटी कुणाच्या हाती दिली नाही. सख्ख्या भावाला दिली नाही, भावाने अबोला धरला तरी दिली नाही."

"मला माहीत आहे."

"मग तुमच्या गळ्यात कशी आली?"

"त्यांनीच घातली. कळ दोनवर ठेवली, आणि म्हणाले, जरा धरा. तीनपर्यंत, चारपर्यंत हळूहळू न्या, सोपं असतं."

"पण का?"

"त्यांना मला काहीतरी विचारायचं होतं. पेटी गळ्यात असताना विचारणं बरं दिसत नाही, म्हणाले."

"काय विचारलं?"

"त्याचा तक्रारीशी संबंध नाही."

"बरं. नोटरी ओरडत होता तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?"

"घड्याळाकडे."

"ओल्या कोंबड्यात घड्याळ नाही. मी काल आत होतो."

"बनियनवर," मी म्हटले.

"कुठेही असेना का. घड्याळ नाही."

नाही, हे मान्य. तर खरे ते सांगते. मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होते. बोलण्यासाठी त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. नऊ वर्षांत मी त्यांना टोपीशिवाय पाहिले नव्हते. केस पांढरे झाले आहेत आणि पाणी लावून नीट बसवलेले होते, त्यावरून विचारायचे आधीच ठरवून ते घरून निघाले असावेत. नोटरीसाहेबांचे "बस" मला ऐकू आले. पण ते ऐकायचे नसते हे मला ठाऊक होते, आणि पाहायचे असते ते खांद्यांकडे, ते मी पाहिले नाही. सहाच्या पुढे गेल्याचे ध्यानात आले तेव्हा मी कळ मागे फिरवायला गेले, ती पुढे फिरली. घाबरून पुन्हा मागे फिरवायला गेले, ती पुन्हा पुढेच. मी मुद्दाम केले नाही. नोटरीसाहेबांनी तिसऱ्या कान्तिनात मला गप्प बसवले त्याचा राग होता का, असे लेखनिकांनी विचारले. होता, पण तो त्या वेळी माझ्या लक्षातच नव्हता.

बेर्नाल म्हणाले, मास्तरांना वाचवायला मी हे रचून सांगते आहे असे वरिष्ठ म्हणतील. मला कळ फिरवता येते हे दिसले पाहिजे. म्हणून मुद्देमाल कपाटातून काढण्यात आला. एक नळी बेर्नाल यांनी धरली, दुसरी दारावरच्या शिपायाने, आणि मध्ये झाडलोट करणाऱ्या मार्सियालाबाई उभ्या राहिल्या. पेटी माझ्या गळ्यात. या वेळी मी खांद्यांकडे पाहिले. मार्सियालाबाईंचे खांदे पाचपर्यंत जागचे हलले नसते असे माझे मत आहे. बेर्नाल यांचे तीनवरच वर गेले. मी लगेच कळ मागे घेतली, पण तोवर त्यांनी हात सोडला होता. नियमाप्रमाणे त्यांनी गाणे म्हटले, एक कडवे. हा भाग जबाबात घेऊ नये अशी लेखनिकांची विनंती आहे. घ्यावा अशी माझी आहे.

अकरा वाजता ओतिलियाबाई ठाण्यात आल्या. नोटरीसाहेबांच्या मनगटाचा डॉक्टरचा दाखला त्यांनी आणला होता. बेर्नाल यांनी त्यांना सांगितले की कळ फिरवणारा पुरुष नसून ही बाई आहे, असे आता पुढे येत आहे.

"पुढे कसलं येतंय," त्या म्हणाल्या. "मी पाहिलंय. माझे डोळे उघडे होते."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे सगळं ह्यांनाच विचारतात."

"आणि त्यांचा हात तुम्ही सोडला का नाहीत?"

त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, कुकाबाई. तीस वर्षांत त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला नव्हता. मी का सोडीन?"

मग त्यांनी आमच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. आम्हाला एकीकडचे बोलणे ऐकू आले ते असे: "अहो, तो मास्तर नव्हताच. कुकाबाई होत्या. हो, त्याच, तुम्ही ज्यांना माहिती सांगत होतात त्या. वय? एकोणसाठ म्हणतात. नाही, काटक दिसतात पण उंचीला माझ्या खांद्यापर्यंत. हो, कागदावर तसंच येणार, खरं असेल ते येणार. केरेतारोपर्यंत जाईल का, ते मी कसं सांगू? बरं. बरं. पाणी पिऊन घ्या."

फोन ठेवून त्या बेर्नाल यांना म्हणाल्या, "तक्रार नाही म्हणतात. त्यांचा तोल गेला. फरशी ओली होती."

"काल तर विजेच्या झटक्याने पाडलं म्हणत होते."

"काल बाई नव्हती ना त्यात."

त्यांनी दाखल्याची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करायला नवऱ्याला टॅक्सीत घालून घेऊन येते असे सांगून गेल्या. बेर्नाल यांनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांना बरे वाटलेले दिसले. मलाही वाटले, इतके की डोळे पुसावे लागले, हे मी नाकारत नाही.

"चला, बाई, सुटलात," ते म्हणाले. "अर्ध्या तासात तोही सुटेल, पेटीसकट. तक्रारच नाही, तर जबाब कशाला? हा फाडून टाकतो. परवाना उचला आणि पाचच्या तुकडीची तयारी करा."

"फाडू नका."

"अहो, यात तुम्ही गुन्हा कबूल केलाय. परवान्यासाठी मे महिन्यात तुम्हीच धावाल."

"असू द्या. अजून संपला नाही."

"आता काय राहिलं?"

राहिले आहे ते असे. काल संध्याकाळी साधारण सात वाजून पन्नास मिनिटांनी, टोपी हातात घेऊन, मास्तरांनी मला विचारले, "कुकाबाई, माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो. दुसरीवर इस्त्रीचे कपडे ठेवतो, कारण तिथं बसणारं कुणी नाही. ते कपडे मी उचलू का?" मी तोंड उघडले आणि नोटरीसाहेब पडले. मागून आरडाओरडा, मग पोलीस, मग कोठडी, त्यात उत्तर राहून गेले. माणूस उत्तर न मिळता रात्रभर गजाआड बसला, आणि तेही माझ्या हाताचा दोष स्वतःवर घेऊन. कळ पुढे गेली ती या प्रश्नामुळेच, तेव्हा प्रश्नाचा तक्रारीशी संबंध नाही, असे मी वर सांगितले ते खोटे आहे. ते मी दुरुस्त करते. माझे उत्तर असे की, कपडे उचला.

माझे सांगणे एवढेच. मी सांगितले तसे ते उतरवले आहे. मास्तरांना डाव्या कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे माझ्या विनंतीवरून हा जबाब मेजापाशी न वाचता कोठडीच्या दाराशी जाऊन, चढ्या आवाजात, पहिल्यापासून वाचण्यात आला. वाचून झाल्यावर आतून विनंती आल्यामुळे शेवटची ओळ पुन्हा वाचण्यात आली. दोन्ही वेळा ती बरोबर आहे.

(सही) रेफुखियो साल्गादो वेरा